तेलाच्या डब्यावरचे शब्द

"मावशी, जरा इकडे या. पळी राहू द्या हातात, तशाच या."

अधीक्षक सरांनी मला असं बोलावलं तेव्हा जेवणाची शेड भरलेली होती. मुलं ताटं घेऊन बसली होती. मुंबईहून आलेले एका संस्थेचे पाहुणे खुर्च्यांवर होते. ते मुलांसाठी चादरी घेऊन आले होते. मी डाळ वाढत होते. पळीतून थेंब गळत होते, तशीच फळ्यापुढे जाऊन उभी राहिले.

फळ्यावर सरांनी इंग्रजी अक्षरांची एक लांब ओळ लिहिली होती. ती शेवंतीने सांगितली होती. शेवंती पाचवीतली मुलगी, दाभोशाकडच्या कातकरी पाड्यावरची. ती माझ्या शेजारी ताट धरून उभी होती. ताटात भात आणि एक उकडलेलं अंडं.

एका पाहुण्याने मोबाइलमध्ये पाहिलं आणि मान हलवली. "असा शब्दच नाही इंग्रजीत."

सर म्हणाले, "मावशी, तुम्ही या शब्दावर अंडं दिलंत. म्हणजे तुम्हाला अर्थ माहीत असणार. सांगा की पाहुण्यांना."

मी गळत्या पळीखाली हात धरला.

"आमच्या परीक्षक आहेत ह्या," सर पाहुण्यांना म्हणाले. "चौथी पास. इंग्रजीच्या परीक्षक."

पाहुणे हसले. एक बाई म्हणाली, "मावशींची स्वतःची इंग्रजी असेल." मग मुलं हसली. सगळी शेड हसली.

मीही हसले. ते मला आजही आठवतं. पदर तोंडाला लावून हसले.

हे सगळं कशामुळे झालं, ते सांगते.

मी साखरशेतची. आम्ही कोकणा आदिवासी. थोडं भात होतं, थोडी नागली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा जव्हारला होती आणि मुलीला जव्हारला कोण ठेवणार. नवरा गेल्यावर मी या आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागले. शाळा जव्हार-मोखाडा रस्त्यावर आहे. मुलं तिथेच राहतात, तिथेच जेवतात. आता माझे गुडघे दुखतात, पण भाताचा टोप मी अजून एकटी उतरवते.

मागच्या वर्षी हे सर आले. घाटावरचे. माणूस आळशी नाही, हे आधी सांगते. मुलांना इंग्रजी येत नाही याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. म्हणून त्यांनी खेळ काढला. जेवणाच्या शेडमध्ये फळा लावला. रोज संध्याकाळी त्यावर तीन अक्षरं लिहायची. ती तिन्ही ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द मुलांनी शोधून आणायचा. शब्द जितका लांब, तितका नंबर पुढे. ज्याच्याकडे शब्द नाही, त्याने शेवटी जेवायचं. आणि अंड्याच्या दिवशी शब्द नसेल तर अंडं नाही. उरलेली अंडी लांब शब्दवाल्यांना.

पहिल्यांदा मला ते आवडलं होतं. खोटं कशाला बोलू. पोरं शब्द हुडकायला लागली, जसे पावसात ओढ्याला खेकडे हुडकतात तसे. दगड उचलून बघावं तसं प्रत्येक कागद उलटून बघायची. खताची गोणी, जीपची मागची काच, साबणाचं वेष्टण. एकाने दवाखान्यातून हिवतापाच्या गोळ्यांचं पाकीट आणलं आणि 'क्लोरोक्विन' म्हणून पहिला बसला. त्या दिवशी फळ्यावर क्यू होता. क्यूचा दिवस सगळ्यात वाईट. क्यू फारसा कुठे नसतोच. एका पोराने सरांच्याच दारावरचा 'सुपरिंटेंडंट' उचलला. सर खूश झाले, म्हणाले, "माझीच पाटी मला वाढली."

थोड्या दिवसांनी सर संध्याकाळी ऑफिसात बसायला लागले. मला म्हणाले, "मावशी, तुम्हीच मोजा. फळ्यावरची अक्षरं आली का ते बघायचं आणि किती अक्षरं झाली ते मोजायचं. एवढं तर येईल."

आलं. ए-बी-सी-डी मी पोरांच्या तोंडून ऐकून ऐकून शिकले होते. पोर एकेक अक्षर सांगायचं, मी बोटाच्या पेरांवर अंगठा सरकवायचे. मग सांगायचे, "तू पुढे. तू याच्या मागे. तुझा आखूड, तू तिथे." मला अर्थ कळत नव्हता, पण नंबर मी लावत होते. सगळी पोरं माझ्या अंगठ्याकडे बघत राहायची. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे असं बघत होतं. मला ते गोड लागलं.

आता इथे माझी लबाडी सुरू होते.

आमच्या शाळेत इंग्रजी अक्षरं सगळ्यात जास्त कुठे असतील? पुस्तकात नाही. पुस्तकातले शब्द सगळ्यांना माहीत, सगळे तेच सांगतात. जास्त अक्षरं माझ्या कोठीत होती. कोठी म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची सामानाची खोली. तेलाचे डबे, मिठाच्या पिशव्या, मसाल्याची खोकी, दूध पावडरीची पाकिटं. त्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात हे एवढे लांब शब्द असतात. 'इन्ग्रेडियंट्स.' 'मॅन्युफॅक्चर्ड.' 'प्रिझर्व्हेटिव्ह्ज.' हे शब्द मला पोरांनीच म्हणून दाखवले, म्हणून पाठ झाले.

कोणत्या पोरांनी? साखरशेतच्या. माझ्या भावाचा नातू नितेश आणि त्याचे दोन मित्र. त्यांना मी गोण्या उचलायला म्हणून कोठीत घ्यायचे. ती गोणी उचलायची आणि डबा फिरवून वाचायची. मला दिसत होतं. मी दाराकडे तोंड करून भाजी चिरायचे.

शेवंती एकदा दाराशी आली होती. म्हणाली, "आजी, मी पण गोणी उचलू?"

मी म्हटलं, "तू नको. बाहेर थांब."

तिने विचारलं नाही का ते. तिला माहीत होतं. कातकऱ्याचं पोर आम्ही चुलीजवळ येऊ देत नाही. सरकारने काही म्हणू दे, शाळेच्या भिंतीवर काही लिहू दे. माझी आई येऊ देत नव्हती, मी येऊ दिलं नाही. मी त्यावर कधी विचारसुद्धा केला नव्हता. पाय धुऊन घरात यावं तसं ते होतं. आम्हाला जव्हारच्या बाजारात लोक 'जंगलातली' म्हणायचे, त्याचा मला राग यायचा. आणि मी एका पोरीला माझ्या दारात थांबवत होते, त्याचं मला काही वाटत नव्हतं.

तर शेवंतीकडे शब्द नसायचे. कुठून असणार. ती रोज शेवटी बसायची. शेवटच्यांना भात गार मिळायचा. अंड्याचे दोन दिवस तिचे असेच गेले.

तिसऱ्या वेळी ती रांगेत आली. मी म्हटलं, "सांग."

ती सांगायला लागली. एम. ए. टी. आर. एस. थांबली नाही. फळ्यावरची तिन्ही अक्षरं मध्येच कुठेतरी आली. माझा अंगठा पेरांवरून फिरत राहिला. पुष्कळ झाली.

मी म्हटलं, "परत सांग बघू."

तिने परत सांगितलं. दुसरंच काहीतरी सांगितलं. एमच्या जागी एल आला, शेवट वेगळाच झाला.

म्हणजे शब्द नव्हताच. मला कळलं. तिलाही कळलं की मला कळलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मागे पोरं ढकलाढकली करत होती.

मी तिच्या ताटात अंडं ठेवलं. म्हटलं, "बस पुढे."

त्यानंतर दर अंड्याच्या दिवशी तसंच. ती अक्षरं ओवायची, मी मोजायचे, ती पुढे बसायची. आम्ही एकमेकींशी त्यावर कधी बोललो नाही. एकदाच, खरकटी ताटं घासायला ठेवताना ती हळूच म्हणाली, "आजचा लांब होता ना आजी." मी म्हटलं, "जा, अभ्यास कर." पण मला हसू आलं होतं.

मला वाटायचं, मी तिच्यावर उपकार करतेय. कोठीचं दार उघडलं असतं तर तिला खरे शब्द मिळाले असते. ते सोपं होतं. पण ते मी केलं नाही. अंडं देणं मला जमलं, दार उघडणं जमलं नाही.

मग पाहुणे आले. सरांना खेळ दाखवायचा होता. पोरं म्हणाली, "सर, शेवंतीचे सगळ्यात लांब असतात." सरांनी तिला उभं केलं. ती माझ्याकडे बघून बोलायला लागली आणि सर फळ्यावर लिहायला लागले. पुढचं मी सांगितलंच आहे.

हसणं थांबल्यावर सर जरा गंभीर झाले. पाहुण्यांसमोर खेळ फसला होता, त्यांना तोंड वाचवायचं होतं. म्हणाले, "मावशी, खरं सांगा. हिने तुम्हाला फसवलं की तुम्हाला माहीत होतं?"

शेवंती माझ्याकडेच बघत होती. घाबरलेली नव्हती. मी आता बोलणार, असं तिला वाटत होतं.

मी म्हटलं, "मला काय ठाव सर. कातकऱ्याची पोर ती. लबाड जात."

हे शब्द मी बोलले. सरांनी माझ्या तोंडात घातले नव्हते. पाहुण्यांनी विचारलं नव्हतं. मला 'चौथी पास' म्हणून हसले, ते मला सोसलं नाही. ते कुठेतरी टाकायचं होतं. वर टाकायची हिंमत नव्हती. खाली एक दहा-अकरा वर्षांची पोरगी उभी होती, तिच्यावर टाकलं.

सर म्हणाले, "मग उचला ते अंडं."

मी उचललं. तिच्या ताटातून, माझ्या हाताने. ते अजून गरम होतं.

तिने काही सांगितलं नाही. 'आजीला माहीत होतं' एवढं म्हणाली असती तरी मी संपले असते. ती म्हणाली नाही. खाली बसली, भात खाल्ला, ताट धुऊन ठेवलं.

सकाळी ती शाळेत नव्हती.

सरांनी तिच्या पाड्यावर फोन लावून घेतला. घरी पोचली होती. सर मला म्हणाले, "नाहीतरी दिवाळी झाली की हे लोक वीटभट्टीवर जातात. पोरं घेऊन जातात. थोडे दिवस आधी गेली म्हणायचं."

शाळेत कोणाला धक्का बसला नाही. फळ्यावर संध्याकाळी नवी अक्षरं आली. मी मोजायला बसले. नितेशला दोन अंडी मिळाली. रात्री मला जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी परत मोजायला बसले. हेही सांगितलंच पाहिजे. चार-पाच दिवस मी तशीच बसत होते.

रविवारी मी जव्हारहून दाभोशाची जीप पकडली. पाडा रस्त्यापासून आत आहे. शेवंतीची आई दुसऱ्याचं भात कापून नुकतीच आली होती. विळा अजून हातात होता.

"कोण गं तू?"

"शाळेत रांधते."

"अच्छा. अंडं काढणारी डोशी." डोशी म्हणजे म्हातारी. तिने बसायला सांगितलं नाही. "काय राह्यलं आता? भातबी परत पायजे का?"

"पोरीला न्यायला आले."

"कशाला? आमची जात लबाड हाये. तुमच्या शाळेतले डबे चोरील."

मी अंगणातच उभी राहिले.

शेवंती उंबऱ्यात बसली होती. तिने विचारलं, "आजी, तुला ठाव होता ना?"

"होता."

"मंग सरांना का नाय सांगतलास?"

"भ्याले."

तिची आई हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "भ्याली म्हणं. तुला घर हाये, शेत हाये, पगार हाये, आन् तू भ्याली. हिच्याकडं काय हाये? हिनं तुझा नाव नाय घेतला."

मग तिने विळा वळचणीला खोचला आणि सरळ सांगितलं. "पाडवा झाला का मुकादमाची गाडी येते. हिला भट्टीवर नेली तर ही माझ्यासारखीच व्हनार, ते मला कळतं. मला तिला न्यायची हौस नाय. पन लबाड म्हनून हसतील तिथं मी तिला धाडनार नाय. ज्या पोरांसमोर बोललीस, त्याच पोरांसमोर खरं सांग. सरांसमोर सांग. मग धाडते. नाय तर हिच्या हातात विटा."

"सांगते," मी म्हटलं.

"बघू," ती म्हणाली.

निघताना तिने पाणी विचारलं नाही. मीच मागितलं. ती म्हणाली, "आमचा चालतो का तुला?" मी म्हटलं, चालतो. तिने दिलं नाही. "आज नको चालवूस," म्हणाली आणि आत गेली. मी तशीच तहानलेली जीपपर्यंत आले. बरोबर होतं तिचं. पाणी पिऊन मी मोकळी झाले असते.

सोमवारी संध्याकाळी पोरं रांगेत उभी राहिली. फळ्यावर अक्षरं होती. सर त्या दिवशी शेडमध्येच होते. मी टोपाचं झाकण काढलं नाही. फळ्यापुढे गेले.

मी म्हटलं, "पोरांनो, ऐका. शेवंतीने मला फसवलं नव्हतं. तिचा शब्द खोटा होता ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी जाणून अंडं दिलं. मग पाहुण्यांसमोर भ्याले आणि तिच्यावर ढकललं. तिच्या जातीवर बोलले. लबाडी मी केली. आणि नितेशला शब्द मिळायचे ते माझ्या कोठीतल्या डब्यांवरचे. शेवंतीला मी कोठीत येऊ दिलं नाही, कातकरी म्हणून."

नितेशने मान खाली घातली.

सर म्हणाले, "मावशी, हे नाटक जेवणाच्या वेळी कशाला? ऑफिसात येऊन सांगायचं."

"ऑफिसात नाय बोलले होते सर मी. इथं बोलले होते."

"ठीक आहे. झालं ना सांगून? घ्या आता, मोजा."

"मोजणार नाय."

"म्हणजे?"

"जेवायला शब्द लागणार नाय. माझ्या हातून तरी नाय."

सरांचा आवाज चढला. "अहो, मुलांच्या भल्यासाठी आहे हे. तुम्हाला शिक्षणातलं काय कळतं?"

"काय नाय कळत. भूक कळते."

मी टोप उचलला आणि रांगेच्या शेवटाकडे गेले. तिकडून वाढायला सुरुवात केली. प्रत्येकाला भात, प्रत्येकाला डाळ. सर बघत राहिले. पोरांसमोर माझ्या हातातून टोप ओढून घेणं त्यांना बरं दिसलं नसतं.

नितेश पुढे उभा होता, त्याच्यापर्यंत मी शेवटी पोचले. तो रडवेला झाला होता. "आजी, मी आज खूप लांब आणला होता. डब्यावरचा नाही. स्वतः शोधला."

त्याचं वाईट वाटलं मला. पोराचा काय दोष. शब्द शोधण्यात वाईट काय आहे. म्हटलं, "उद्या वर्गात सांग. बाईंना आवडेल. इथं जेव."

पुढच्या आठवड्यात शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी मला बोलावलं. दोघं होते, आणि सर. खुर्चीवर बसवलं, चहा दिला. चांगलं बोलले. म्हणाले, "मावशी, तुमचं वय झालंय. गोंधळ होतो माणसाचा. तुम्ही एवढंच म्हणा, त्या दिवशी सरांवर रागावून बोलले, चुकले. मग विषय संपला. दिवाळीनंतरही या कामाला."

मी म्हटलं, "चुकले ते पाहुण्यांसमोर. सोमवारी नाय चुकले."

"मग तुम्हाला ठेवता येणार नाही. नवी बाई मिळेपर्यंत या."

"बरं," म्हटलं. चहा तसाच ठेवून उठले.

मी फळ्यापुढे काय बोलले ते पाड्यापर्यंत पोचलं असावं, शेवंती पाडव्याच्या आधी शाळेत आली. आई सोडायला आली होती. पोरांनी तिला सगळं सांगितलं असावं. ती माझ्याशी बोलत नाही. ताट पुढे करते, मी वाढते, ती जाते. मी दिलेलं अंडं ती शेजारच्या मुलीच्या ताटात ठेवते. मी कोठीचं दार उघडं ठेवलंय, तिला हाक मारली होती. ती आली नाही. तिची आई भट्टीवर गेली. मला माफी मिळालेली नाही आणि मी मागणारही नाही. तिने दिलीच पाहिजे असं काही नाही.

माझे या शाळेतले थोडेच दिवस राहिलेत. सर म्हणालेत, नवी बाई आली की फळा परत शेडमध्ये लागेल. लावू देत. नवी बाई कोण येणार ते मला कळलंय, मोखाड्याकडची आहे. तिच्या घरी जाऊन तिला सगळं सांगणार आहे, मी काय केलं त्यासकट. ग्रामसभेत उभी राहून सांगणार आहे. तिथे माझेच लोक असतील, साखरशेतचे, कोकणा. कातकऱ्याच्या पोरीसाठी उठलीस का, म्हणून तेच मला हसतील. या वेळी मी त्यांच्यात मिसळून हसणार नाही. हसणं संपेपर्यंत उभी राहीन आणि मग परत पहिल्यापासून सांगेन.